जुनी आल्टो: वळताना कटकट, बूट फाटलेला. नुसता कप बदलायचा की अख्खा एक्सल?

आल्टोवाली
गाडी २००६ ची आल्टो, ७९६ सीसी, ९४,००० किमी. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण कापून गाडी हलवली की डाव्या पुढच्या चाकातून कट-कट-कट असा आवाज येतो आणि वेग वाढला की कटकट भरभर होते. सरळ रस्त्यावर आवाज शून्य. चाकामागे हात घातला तर शॉकअपच्या खालच्या भागावर आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे फटकारे उडालेले आहेत.

दुकानात तीन पर्याय सांगितले: फक्त बूट किट (जॉइंटवरचं रबरी आवरण), बाहेरचा कप म्हणजे चाकाकडचा जॉइंट (त्यासोबत बूट-ग्रीस), किंवा पूर्ण एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतचा अख्खा शाफ्ट, दोन्ही जॉइंटसकट. गॅरेजचं म्हणणं, दोन्ही बाजूंचे पूर्ण एक्सल टाका. कोणता पर्याय कधी योग्य? आणि घरी करायचं ठरवलं तर क्रम काय, अडतं कुठे? पाने, जॅक, दोन घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) आहेत. टॉर्क पाना (ठरावीक जोराने आवळायचा) नाही.

नट_बोल्ट
निदान तुम्हीच केलंय. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो, त्यामुळे तिथला बाहेरचा जॉइंट बोलतो. तरी खात्री करून घ्या: मोकळ्या मैदानात पहिल्या गिअरमध्ये, स्टिअरिंग पूर्ण कापून, हलका अ‍ॅक्सिलरेटर देत गोल फिरवा. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग रिव्हर्समध्ये दोन्हीकडे. रिव्हर्समध्ये आवाज पुष्कळदा जास्त स्पष्ट येतो.

याच्याशी गल्लत होणारे आवाज:

चाकाचं बेअरिंग: हे कटकट करत नाही, घुमतं. वेगाबरोबर वाढतं, आणि धावत्या गाडीत स्टिअरिंग थोडं इकडेतिकडे केलं की सूर बदलतो.

बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचं बुश: खड्ड्यात, ब्रेक मारताना 'ठक'. चाक फिरण्याच्या तालाशी संबंध नाही.

आतला जॉइंट (गिअरबॉक्सकडचा): वळताना गप्प. पण चढावर गिअरमध्ये जोर लावला की सीटखाली थरथर, आणि रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना एक 'धप्प'.

आणि एक फसवा: उभी गाडी निघताना एकदाच 'टक', मग काही नाही. यात बऱ्याचदा जॉइंट ठीक असतो. हबमधले (चाक बसतं त्या भागातले) दाते कोरडे पडलेले असतात किंवा एक्सलचा नट ढिला असतो. नवीन एक्सल टाकूनही हा आवाज राहतो आणि लोक दुकानदाराला शिव्या घालतात.

यंत्रपुराण
कटकट का होते हे समजलं की पर्याय आपोआप सुचतो, म्हणून थोडं अवांतर. बाहेरच्या कपात सहा छर्रे, त्यांना धरणारा पिंजरा, मधली वाटी आणि बाहेरचा कप असतो. ही रचना अल्फ्रेड रझेप्पा या फोर्डमधल्या अभियंत्याची, १९२० च्या दशकातली. चाक कितीही वळलं तरी छर्रे दोन्ही शाफ्टमधला कोन बरोबर अर्धा करणाऱ्या प्रतलात राहतात, म्हणून फिरण्याचा वेग दोन्हीकडे सारखा. जीपच्या प्रोपेलर शाफ्टवरच्या क्रॉस जॉइंटला हे जमत नाही. तो वाकलेल्या कोनात फिरताना दर फेऱ्यात दोनदा पुढेमागे होतो.

छर्रे ज्या खोबणीत धावतात तिथे सरळ चालताना जेमतेम हालचाल होते, त्यामुळे झीज एकाच पट्ट्यात साचते. बूट फाटला की ग्रीस केंद्रापसारी बलाने बाहेर, पाणी-माती आत. खोबणीत खड्डे पडतात. चाक वळवलं की छर्रा त्या खड्ड्यात उतरतो आणि चढतो, तोच 'कट'. खड्डा पडलेली खोबण नवीन ग्रीसने भरून येत नाही. कटकट सुरू झाल्यावर नुसतं बूट किट टाकणं म्हणजे किडलेल्या दाताला पेस्ट लावणं.

नट_बोल्ट
बरोबर. म्हणून माझा हिशेब असा:

बूट फाटलाय, आवाज नाही: जॉइंट उघडा, धुवा, बघा. पृष्ठभाग गुळगुळीत चमकदार असेल तर नवीन बूट, ग्रीस, लॉक, विषय संपला.

बाहेरून कटकट, आतला जॉइंट शांत: बाहेरचा कप बदला. मूळ शाफ्टची दांडी आणि आतला जॉइंट ठेवा.

दोन्ही जॉइंट गेले, किंवा दांडीवर बूट बसतो तिथे गंजाचे खड्डे, किंवा दात्यांत ढिलाई: पूर्ण एक्सल.

दुसऱ्या बाजूचा आवाज नसेल, बूट धड असेल, तर त्याला हात लावू नका. 'जोडीने बदला' हा नियम ब्रेक पॅडचा आहे, एक्सलचा नाही.

घाटमाथा
असहमत, अर्धवट. कप बदलायचा म्हणजे जुना कप दांडीवरून ठोकून काढा, साफ करा, ग्रीस भरा, पट्टे आवळा. काम दुप्पट, आणि नवशिक्याचा पट्टा ढिला राहिला तर सहा महिन्यांत पुन्हा ग्रीस बाहेर. पूर्ण एक्सल कारखान्यातून ग्रीस भरून, पट्टे दाबून येतो, काढला, घातला. पहिल्यांदा करणाऱ्यानं पूर्णच घ्यावा.

नट_बोल्ट
चांगल्या कंपनीचा मिळाला तर हरकत नाही. अडचण अशी की जुन्या गाडीला बाजारात जो स्वस्त पूर्ण एक्सल मिळतो त्याची दांडी कधी बारीक, कधी लांबीला दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे. लांब असेल तर गाडी दबल्यावर आतला जॉइंट तळाला टेकतो आणि तो धक्का डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाच्या) बेअरिंगला बसतो. ९४,००० किमी चाललेली मूळ दांडी तुमच्या हातात आहे, तिच्या लांबीची शंका नाही. जीकेएन किंवा एनटीएन या एक्सल बनवण्यातल्याच कंपन्या आहेत. कप घ्यायचा तर अशा नावाचा, खोका सीलबंद असेल तो. पूर्ण घ्यायचा झाला तर मारुतीचा मूळ सुटा भाग.

घाटमाथा
मूळ भागाच्या किमतीत बाहेरच्या कंपनीचे दोन एक्सल येतात, पण लांबीचा मुद्दा मान्य. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून भंगारातला मूळ एक्सल आणण्याबद्दल काय मत?

नट_बोल्ट
बूट शाबूत असलेला, आणि हातात धरून सगळ्या कोनांत फिरवला तर कुठेही अडखळत नाही, असा मिळाला तर उत्तम. पण बूट आणि ग्रीस तरीही नवीनच घालायचं. बूट मऊ दिसला तरी घड्यांच्या दरीत बोटाने ताणून बघा, बारीक तडे तिथे असतात.

खरेदीला जाताना, मग ते कुर्ला असो की पुण्यातली नाना पेठ, जुना भाग सोबत न्या आणि चार गोष्टी जुळवा. हबमध्ये जाणाऱ्या टोकाचे दाते मोजा (एका दात्यावर खडूची खूण करून मोजा, नाहीतर हमखास एक चुकतो). दांडीवरचे आतले दाते मोजा. बाहेरच्या नटाचे आटे, नवीन नट हाताने फिरवून. आणि बूट कपावर बसतो त्या खाचेचा व्यास. पूर्ण एक्सल असेल तर शिवाय ऑइल सीलच्या जागेचा व्यास आणि एकूण लांबी. डावा आणि उजवा वेगळे असतात. 'डावा' म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसून डावा. गाडीसमोर उभं राहून नव्हे. नवीन गाड्यांत एबीएसची दातेरी रिंग कपावर असते, तुमच्या आल्टोत तो प्रश्न नाही.

आल्टोवाली
मग कप बदलायचं ठरवते. आतला जॉइंट शांत आहे. आता क्रम सांगा.

नट_बोल्ट
आधी सामान. बाहेरच्या कपाचं किट (कप, बूट, दोन पट्टे, ग्रीसची पुडी, सर्क्लिप म्हणजे खाचेत बसणारी तारेची कडी, नट). आतल्या जॉइंटचं बूट किट, कारण शाफ्ट बाहेर आहेच. गिअरबॉक्सच्या त्या बाजूचं ऑइल सील. स्प्लिट पिन. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९० जीएल-४, दोन लिटरच्या आसपास लागेल, अडीच आणून ठेवा. एक्सलच्या नटाची गोटी (सॉकेट): गाडी उचलायच्या आधी बसवून बघा, बारा कोनांची नको, सहा कोनांची.

१. गाडी जमिनीवर असतानाच, चाकाची टोपी काढून, स्प्लिट पिन सरळ करून ओढा आणि एक्सलच्या नटाची पकड सोडवा. काही नटांना पिन नसते, कॉलर खाचेत ठोकलेली असते. ती आधी छिन्नीने उचला, नाहीतर शाफ्टचे आटे जातात. हँडब्रेक, पहिला गिअर, मागच्या चाकांना उटी (अडकवायचा दगड). लांब पाइप लावून झटका न देता जोर वाढवत न्या. नट फक्त ढिला करा, काढू नका. चाकाचे नटही आत्ताच पाव फेरा ढिले.

२. जॅकवर उचला, घोड्यांवर टेकवा. विटा नकोत, विटा सूचना न देता फुटतात. चाक काढा.

३. गिअर ऑइल काढायच्या आधी भरायचा प्लग उघडतोय का बघा. रिकामा गिअरबॉक्स आणि जाम झालेला भरायचा प्लग, अशी फजिती पुष्कळांची होते. तो उघडला की खालचा प्लग काढा. प्लगच्या टोकावर राखाडी चिखल असेल तर तो नेहमीचा. चकचकीत तुकडे असतील तर गिअरबॉक्सची वेगळी चर्चा करावी लागेल.

४. लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट काढा. पूर्ण बाहेर काढा, नुसता ढिला नाही, कारण बॉल जॉइंटच्या दांड्यावर त्याच्यासाठी खाच असते. टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म खाली दाबून बॉल जॉइंट नकलमधून (हब धरणाऱ्या भागातून) सोडवा. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला टॉमी लागू देऊ नका.

५. एक्सलचा नट शाफ्टच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंत फिरवा आणि तांब्या-पितळेच्या हातोड्याने ठोका. लोखंडी हातोडाच असेल तर मध्ये लाकडाचा ठोकळा. शाफ्ट सरकला की नट काढून हबमधून बाहेर.

६. आतलं टोक: गिअरबॉक्सचं आवरण आणि जॉइंटचा कप यांच्या फटीत दोन टॉमी समोरासमोर घालून एकदम बाहेर उचका. आतलं सर्क्लिप सुटल्याचं हाताला कळतं. शाफ्टची दांडी धरून ओढायची नाही. दांडी ओढली की आतला जॉइंट बूटच्या आत सुटतो आणि ट्रायपॉडचे (आतल्या तीन पायांच्या तुकड्याचे) रोलर निघतात. शाफ्ट हबच्या बाजूने लोंबकळतही ठेवू नका, तारेने बांधा.

पुढचं उद्या लिहितो. कपाचं काम हेच खरं काम आहे.

मिशिगनकर
इकडे अमेरिकेत हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पाचवी पायरी हीच लढाई असते. हबचे दाते आणि शाफ्ट गंजून एकजीव होतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरीही ठोकून न सुटल्यास हातोडा वाढवू नका, हबला धरणारा पुलर लावा. ठोकत राहिलात तर शाफ्टचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि हबमधून कधीच निघत नाही. आणि ठोक्यांचा मार हबच्या बेअरिंगला बसतो तो वेगळाच.

२००३ ते २००८ च्या कोरोला चालवणाऱ्या इथल्या मंडळींसाठी: नट ३० मिमी, टॉर्क २१६ न्यूटन-मीटर, चाकाचे नट १०३. आणि अमेरिकेत रीमॅन्युफॅक्चर्ड (जुनाच दुरुस्त केलेला) एक्सल घेतला तर जुना परत दिल्यावर अनामत मिळते, पण पुष्कळ ठिकाणी नवा चिनी एक्सल त्याहून स्वस्त पडतो आणि तो ताशी ६०-७० मैलांच्या वेगाला थरथरतो. मूळ दांडीला नवीन बूट हेच इथेही शहाणपण.

दर्यासारंग
कोकणात मीठ टाकावं लागत नाही, हवेतच आहे :) जांभ्याचा चिखल आणि चार महिने पाऊस यात फाटलेला बूट पंधरा दिवसांत जॉइंट संपवतो. लांजा-राजापूर पट्ट्यात गाडी असेल तर मे महिन्यात बूट बघणं हे छत्री दुरुस्त करण्याइतकंच नेमाचं. स्टिअरिंग पूर्ण कापून टॉर्च मारा, दोन मिनिटांचं काम.

नट_बोल्ट
कपाचं काम.

जुना कप काढणं: शाफ्ट वायसमध्ये, जबड्यांत तांब्याचे किंवा लाकडाचे तुकडे लावून. बूटचे पट्टे कापा, बूट मागे सरकवा, ग्रीस पुसा. मधल्या वाटीच्या काठावर (बाहेरच्या कपावर नाही) पितळी दांडा ठेवून एक जोरकस ठोका. आतलं सर्क्लिप दबतं आणि कप सुटतो. दोन-तीन ठोक्यांत न निघाल्यास थांबून पुन्हा साफ करून बघा. काही रचनांत सर्क्लिप पक्कडीने फाकवावं लागतं.

निघालेला जुना कप उघडून बघाच, शिकायला मिळतं. मधली वाटी एका बाजूला पूर्ण झुकवा, वर आलेला छर्रा स्क्रूड्रायव्हरने काढा, मग पुढचा. खोबणीत नख अडकतं का, पिंजऱ्याच्या खिडकीच्या कोपऱ्याला तडा आहे का, बघा. नुसती चमक चालते. नख अडकलं तर कटकटीचा पुरावा तोच.

आता आतला जॉइंट. बूट काढायच्या आधी कप, ट्रायपॉड आणि दांडी यांच्यावर एका रेषेत रंगाची खूण करा, छिन्नीने टोचा मारू नका. रोलर ज्या जागी झिजले त्याच जागी परत गेले पाहिजेत. काही आल्टो-झेनच्या आतल्या बाजूला ट्रायपॉड नसून सहा छर्‍यांचा सरळ खोबणीचा जॉइंट सापडतो, त्याच्या तोंडाशी मोठी गोल तार असते. ती काढली की निघतो. दोन्हींत काम सारखंच: धुवा (रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल नको), पूर्ण सुकवा, नवीन ग्रीस. रॉकेलचा अंश राहिला तर ग्रीस पातळ होतं आणि रबर फुगतं.

ग्रीस: बाहेरच्या जॉइंटला काळं मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं. किटमधली पुडी मोजूनच असते, या आकाराच्या गाडीला साधारण ७० ते ९० ग्रॅम. अर्धं छर्‍यांच्या मध्ये बोटाने दाबून भरा, उरलेलं बूटमध्ये. पुडी संपवा, पण वरून जास्त घालू नका; जास्त ग्रीस बूट फुगवतं. ट्रायपॉडच्या किटमध्ये वेगळ्या रंगाचं ग्रीस आलं तर ते तिथेच वापरायचं, अदलाबदल नको. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस कुठेच नाही.

बसवण्याचा क्रम विसरू नका: आधी छोटा पट्टा, मग बूट, मग सर्क्लिप, मग कप. दात्यांवर चिकटटेप गुंडाळून बूट सरकवा, नाहीतर बूटच्या आतल्या कडेला दाते कापतात. नवीन सर्क्लिप खाचेत मध्यभागी बसवा, थोडं ग्रीस लावून. एका बाजूला लोंबतं ठेवलं तर कप अर्ध्यावर अडतो. नट कपाच्या टोकावर लावून रबरी हातोड्याने ठोका. आवाज बदलला की बसला. मग ओढून बघा. न बसलेला कप पहिल्या खड्ड्यात सुटतो.

पट्टे आवळण्याआधी बूटच्या छोट्या तोंडात बोथट स्क्रूड्रायव्हर घालून आतली हवा सोडा. नाहीतर बूट आत चोखला जातो, घड्या एकमेकांवर घासतात आणि वर्षाच्या आत फाटतो. कानाचा पट्टा पकडीने चिमटून, लोखंडी पट्टी असेल तर ओढून दुमडून. प्लास्टिकचा केबल टाय म्हणजे गावी पोचण्यापुरती सोय, दुरुस्ती नव्हे.

आल्टोवाली
दोन प्रश्न. बाजारात मधून चिरलेला, चिकटवायचा बूट मिळतो, शाफ्ट न काढता बसतो म्हणतात. आणि एका ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं की डाव्याउजव्या कपांची अदलाबदल केली तर आवाज जातो, खर्चही नाही. खरं का?

घाटमाथा
चिरलेला बूट विसरा. शिवण ग्रीसच्या बोटाने माखली की चिकट धरत नाही, आणि आपल्या उन्हा-चिखलात तर नाहीच.

यंत्रपुराण
अदलाबदलीत तथ्य आहे. पुढे जाताना छर्रे खोबणीच्या एकाच भिंतीला टेकतात. कप दुसऱ्या चाकाला लावला की तो उलट दिशेने फिरतो, म्हणजे जोर दुसऱ्या, जवळपास कोऱ्या भिंतीवर येतो. आवाज खरंच कमी होतो. पण तळाचा खड्डा तसाच, आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट काढावे लागतात. विकायची गाडी असेल तर ही युक्ती करतात. म्हणून जुनी गाडी घेताना रिव्हर्समध्ये गोल फिरवून बघावी. झिजलेली भिंत तेव्हा कामाला लागते आणि बोलते.

नट_बोल्ट
परत बसवणं.

ऑइल सील: जुनं उचकताना आवरणाच्या धातूला ओरखडा नको. नवीन सीलवर छापलेला आकार जुन्याशी ताडा. स्प्रिंगची बाजू गिअरबॉक्सच्या आत. सीलच्या बाहेरच्या व्यासापेक्षा जरा लहान पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवून चौफेर सारखं ठोका, जुनं जितकं आत होतं तितकंच. ओठाला गिअर ऑइल लावा.

आतलं टोक घालताना जॉइंट दोन्ही हातांनी आडवा, सरळ धरा. टोक खाली झुकलं की दाते सीलचा ओठ कापतात आणि दुसऱ्या दिवशी तेलाचा डाग. टोकावरचं सर्क्लिप नवीन, त्याची फट खालच्या दिशेला. एका दमात ढकला. बसल्यावर जॉइंटचा कप (दांडी नाही) धरून ओढा: दोन-तीन मिलिमीटर हलेल, निघणार नाही.

दोन्ही शाफ्ट एकाच वेळी काढू नका. काही गिअरबॉक्समध्ये आतले साइड गिअर जागेवरून सरकतात आणि मग शाफ्ट जाता जात नाही.

हबचे दाते तारेच्या ब्रशने साफ करा, दात्यांवर आणि कपाचा खांदा बेअरिंगला टेकतो तिथे पातळ मॉली पेस्ट. निघतानाची 'टक' याने जाते. बॉल जॉइंट परत नकलमध्ये, खाच बोल्टच्या समोर आणून. बोल्ट सहज जात नसेल तर ठोकू नका, खाच जुळलेली नाही. ब्रेकची नळी पिळलेली नाही ना बघा. एक्सलचा नट बोटांनी, मग हलका पान्याने. चाक लावा, गाडी खाली घ्या, मगच अंतिम टॉर्क.

आल्टोवाली
टॉर्क पाना नाही, आधीच सांगितलं :(

नट_बोल्ट
आल्टोच्या वर्गातल्या सुझुकीला एक्सलच्या नटाचा आकडा १७५ न्यूटन-मीटर. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तो अंतिम. पाना नसेल तर: नटाच्या मध्यापासून बरोबर ६० सेंमीवर पाइपला खूण करा, तिथे सामान तोलायचा लटकता काटा अडकवा, पाइपला काटकोनात ओढा. काटा ३० किलो दाखवेल तेव्हा ०.६ × ३० × ९.८ = १७६. गोटी तिरकी नको, ओढ धक्क्याची नको. 'पाइपवर उभं राहून' हा टॉर्क नाही.

पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून पुढच्या खाचेत आणा. मागे घ्यायचा नाही. हा नट नुसता शाफ्ट धरत नाही, हबच्या बेअरिंगवर योग्य दाब तोच ठेवतो. ढिला राहिला तर काही शे किलोमीटरमध्ये बेअरिंग घुमायला लागतं. स्प्लिट पिन नेहमी नवी. ठोकायच्या कॉलरचा नट असेल तर नटही नवा.

शेवटी गिअर ऑइल, गाडी सपाट जागी, भरायच्या भोकातून ओघळ येईपर्यंत. तेल भरल्याशिवाय इंजिन चालू करू नका. हे लिहायला हास्यास्पद वाटतं, तरी लिहितो.

मिशिगनकर
व्हील अलाइनमेंट लागेल का, हे कोणीतरी विचारणारच. नट_बोल्ट यांनी सांगितलेल्या बॉल जॉइंटच्या वाटेने गेलात तर नाही. शॉकअप आणि नकलमधले दोन बोल्ट सोडून गेलात तर त्या भोकांतल्या फटीमुळे कँबर (चाकाचा उभा कल) थोडा हलतो, तपासून घ्या. त्या वाटेने जाणारे बोल्टच्या डोक्याभोवती आधी रंगाची रेघ मारतात.

शंकासुर
मधेच घुसतो. झेनला नवीन पूर्ण एक्सल टाकलेत, तरी ४०-६० च्या वेगात जोर दिला की थरथर आहेच. पाय उचलला की बंद. चाकांचं बॅलन्सिंग झालंय.

नट_बोल्ट
पाय उचलल्यावर बंद म्हणजे चाकं निर्दोष. इंजिन माउंटिंग बघा. माउंटिंगचं रबर बसलं की इंजिन खाली किंवा तिरकं होतं, आतल्या जॉइंटचा कोन वाढतो आणि ट्रायपॉड दर फेऱ्यात तीनदा ढकलतो. बॉनेट उघडून, हँडब्रेक आणि ब्रेक दाबून, क्लच अर्धवट सोडताना दुसऱ्या कुणाला इंजिन किती उसळतं ते बाजूला उभं राहून बघायला सांगा. एक्सलच्या आधी माउंटिंग तपासायला हवं होतं, पण आता ते बोलून उपयोग नाही. जुने एक्सल फेकले नसतील तर लांबी आणि दांडीची जाडी नव्यांशी ताडून बघा. जुन्या दांडीवर रबराचा डॅम्पर होता आणि नव्यावर नाही, असंही आढळतं.

शंकासुर
जुने आहेत घरी. एका दांडीवर रबराचं जाड कडं आहे. नव्यावर नाही.

नट_बोल्ट
आधी माउंटिंग, मग ते कडं.

आल्टोवाली
शेवटचा प्रश्न. सामान यायला आठवडा लागेल. तोवर रोज १२ किमी चालवू का?

घाटमाथा
हळू कटकट असेल तर चालेल, पूर्ण कापून जोर देऊ नका, हायवे नको. कटकटीची 'कडाड' झाली तर थांबवा.

दर्यासारंग
आणि एक लक्षात असू द्या ताई, जॉइंट तुटला तर गाडी गिअरमध्ये ठेवूनही उभी राहत नाही. तुटलेल्या बाजूने डिफरन्शियल मोकळं फिरतं, म्हणजे उतारावर पहिला गिअर टाकून ठेवलाय या भरवशावर राहू नका. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकाला दगडाची उटी.

नट_बोल्ट
तोवर फाटलेल्या बूटवर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, ती दांडीभोवती गुंडाळते.

जुना कप काढल्यावर भंगारात देऊ नका. शाफ्ट दुरुस्तीला बाहेर असताना गाडी ढकलून जागा बदलायची वेळ आलीच, तर तो जुना कप हबमध्ये घालून नट आवळायचा. हबमध्ये काही नसताना चाकावर भार टाकला की बेअरिंग सुटं होऊन खराब होतं. गॅरेजमध्ये असा एक जुना कप खिळ्याला टांगलेला असतो, तो याचसाठी.